तक्रार क्रमांक चारशे अठराकडून वहिनींना

आदरणीय वहिनी,

वाकून नमस्कार. (हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. पेनचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, ते काढायला वाकलो तेव्हा नमस्कारही उरकून घेतला. पण एका वाकण्यात दोन कामं उरकली तर नमस्कार अर्धाच पोचतो की काय अशी शंका आली, म्हणून पुन्हा एकदा निव्वळ नमस्कारासाठी वाकलो. तेव्हा तो पूर्ण धरावा.) तुमची तब्येत कशी आहे? सकाळी तुम्ही चार वेळा शिंकलात. ऐकू आलं नाही, अठरा वर्षं मशीनच्या खोलीत काढल्यावर माझ्या कानांचं काय झालंय ते तुम्ही जाणताच, पण जमिनीतून पायांना कळलं. तीन शिंका साध्या होत्या, चौथी जरा दमदार वाटली. गरम पाणी घेत जा. माझं म्हणाल तर गुडघा पूर्वीसारखाच आहे, म्हणजे बरा नाही, पण पूर्वीसारखा.

सतरा पायऱ्या खाली राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच विचारलं. पण दुसरा मार्ग सुचला नाही. जेवणाच्या टेबलावर बास्केटबॉल हा शब्द काढायचा नाही, असा दादानं नियम केलेला आहे (आपण दोघांनी मिठाची बाटली आणि चार चमचे मांडून त्याला बचाव समजावून सांगितला, त्या दिवसापासून. बाटली फुटली ती माझ्या हातून, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं). छापखान्यात मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. आणि जिन्यात भेटलात की तुमच्या दोन्ही हातांत काहीतरी असतं, त्यामुळे तुम्हाला उत्तर देता येत नाही. उरलं पत्र. दाराखालून सरकवतो आहे. पायपुसण्याखाली जाणार नाही एवढं बघेन.

आता मुद्द्याला येतो. या हंगामात छापखान्याच्या संघाच्या प्रशिक्षक म्हणून तुम्ही मला वीज कंपनीच्या तक्रार विभागाच्या संघाला दिलंत आणि बदल्यात त्यांचा मनोरा (उंचीमुळे सगळे त्याला तेच म्हणतात) घेतलात. नियमात बसणारीच गोष्ट आहे. प्रत्येक संघाला वर्षाला एका खेळाडूची अदलाबदल करता येते, आणि सहाव्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत दोन्ही प्रशिक्षकांनी सही केली तर ती रद्दही करता येते. मला राग नाही. (हे वाक्य डायरीत तीनदा लिहून तीनदा खोडलं आहे. पत्रात खाडाखोड वाईट दिसते म्हणून राहू देतो.) मनोऱ्याची उंची सहा फूट चार इंच, वय सव्वीस. माझी उंची पाच फूट आठ, वय चव्वेचाळीस. पंचेचाळीस झाल्यावर खेळता येत नाही, म्हणजे हा माझा शेवटचा हंगाम, हेही तुम्हाला ठाऊक होतं. छापखान्याकडून मी दर सामन्याला सरासरी बारा गुण करत होतो. नव्या संघाकडून पाच सामन्यांत मिळून नऊ केले. शिवाय आणखी दोन, जे समोरच्या संघाला मिळाले. बेरीज अकरा धरायची की वजा करून सात, हे ठरवण्यात माझे तीन दिवस गेले. आता मला बाकावर बसवायचं ठरतं आहे, आणि सहावा सामना रविवारी आहे, तुमच्याशीच. हंगामातला आमचा शेवटचा. म्हणजे माझा तर कायमचा शेवटचा.

असं का झालं याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. आधी वाटलं गुडघा. मग वाटलं बूट (नवीन घेतलेत, पण ते तिसऱ्या सामन्यानंतर, म्हणजे पहिल्या तिघांचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही). मग एके दिवशी त्यांच्या कार्यालयात गेलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. वहिनी, ही माणसं दिवसभर लाकडी खोक्यांत भिंतीकडे तोंड करून बसतात, कानाला यंत्र लावतात आणि बोलतात. एकमेकांकडे बघत नाहीत. बघायची गरजच नाही, आवाजावरून कोण कुठे आहे ते त्यांना नेमकं कळतं. कोर्टवरही तसंच. मान न वळवता पास देतात आणि तो पोचतो. आपल्याकडे उलट. मशीनच्या खडखडाटात तोंडाचा उपयोग फक्त सुपारी चघळायला, बाकी सगळा व्यवहार हातांनी. डावीकडचा कागदाचा गठ्ठा हवा असेल तर कान खाजवायचा. पान उलटं करून मागची बाजू छापायची असेल तर बोट हवेत गोल फिरवायचं. कपाळ पुसलं म्हणजे मागे फिर, डोक्यावर टपली मारली म्हणजे वर उचल. त्याच खुणा तुम्ही कोर्टवर आणल्यात (गठ्ठ्याच्या जागी बॉल, आणि 'वर उचल' म्हणजे रिंगमध्ये टाक) आणि त्यांच्या जोरावर आपण तीन वर्षं जिंकलो. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत प्रूफं तपासता तपासता मी त्या सगळ्या डायरीत टिपून ठेवल्या आहेत. एकूण तेवीस. आता ज्या माणसाचं काम तोंडानं चालतं, त्याचे हात मोकळे असतात. आणि मोकळे हात, वहिनी, अखंड बडबडतात. काही अर्थ नसलेली बडबड! पण वाचणारा मी.

पहिल्याच सामन्यात त्यांच्यातल्या एकानं, जो फोनची नसलेली वायर बोटाला गुंडाळत असतो (नव्या फोनना वायर नाही, बोटाला अजून कळलेलं नाही), बोट गोल फिरवलं. मी क्षणाचाही विलंब न लावता बॉल मागे टाकला. मागे चहाचा थर्मास होता. दुसऱ्या सामन्यात कर्णधार. याला सगळे 'लाईनवर' म्हणतात, कारण तो घरीही बायकोला 'जरा लाईनवर राहा' म्हणतो. त्याला कानावरचं यंत्र सारखं करायची सवय आहे, यंत्र नसतानाही. त्यानं कानाला हात लावला, मी बॉल डाव्या कोपऱ्यात दिला. डाव्या कोपऱ्यात रेफरी उभे होते. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी बॉल परत देताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, आता दिलात तर मी टाकूनच मोकळा होईन." लाईनवर खरं तर सगळा वेळ उजवीकडून बॉल मागत होता, तोही व्यवस्थित, "नमस्कार, मी उजव्या बाजूला आहे, बॉल मिळाला तर बरं होईल" असा. पण माझे कान असे, आणि डोळे तसे.

चौथा सामना मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्याबद्दल तुम्ही दादाकडून काहीतरी ऐकलं असेल आणि दादाला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. अग्निशमन दलाशी सामना होता. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणानं पुढे, बॉल माझ्या हातात. नुसता धरून ठेवला असता तरी जिंकलो असतो. मी प्रेक्षकांकडे बघायला नको होतं. पण दादा माझा सामना बघायला प्रथमच आला होता, पहिल्या रांगेत बसला होता, आणि सख्खा भाऊ आल्यावर नजर जातेच. दादानं रुमाल काढून कपाळ पुसलं. मी मागे फिरलो. (बचावासाठी. तोवर सगळं नियमाला धरून होतं.) मग दादाच्या टकलावर माशी बसली. त्यानं टपली मारली. वहिनी, मी देवाशपथ सांगतो, इतका स्वच्छ बॉल मी वीस वर्षांत टाकलेला नाही. रिंगला स्पर्शसुद्धा नाही, जाळी नुसती सळसळली. फक्त रिंग आमची होती. टाळ्या एकट्या दादानं वाजवल्या, उभं राहून. शेजारच्यानं त्याला खाली बसवलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, "का? आत गेला की!" आम्ही एका गुणानं हरलो. घरी येताना दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "रोज असाच खेळतोस?" मी हो म्हणालो. खोटं बोललो असं मला वाटत नाही.

त्यानंतर विभागात माझी रीतसर नोंद झाली. तिथे प्रत्येक तक्रारीला क्रमांक देतात आणि तक्रार करणारा स्वतःच्या तोंडानं 'समाधान झालं' म्हणेपर्यंत ती बंद करत नाहीत. माझा क्रमांक चारशे अठरा. मजकूर असा: 'खेळाडू बसवल्यापासून चालत नाही.' तक्रारदार: लाईनवर. (चारशे सतरा क्रमांकाची तक्रार एका आजींची होती, दारावरची घंटा आपोआप वाजते अशी. ती सुटली.) मग ठरलेले प्रश्न आले. बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलं का? पाचव्या सामन्यात मला दोन मिनिटं बाकावर बसवलं आणि पुन्हा उतरवलं. फरक पडला नाही. जागा बदलून पाहिली का? मला डावीकडून उजवीकडे नेलं. रेफरी सुटले, पण थर्मास पुन्हा गेला. बिघाड आधीपासून होता का? इथे लाईनवरनं चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खरं सांगा, तिकडे तुम्ही चालत होतात ना?" मी म्हणालो, बारा गुणांनी. तो म्हणाला, "मग आम्हाला तुमची वायर उलटी जोडलेली दिसते." माणूस मनानं वाईट नाही. हे पत्र लिहितो आहे तेव्हा तो माझ्याच खाटेवर बसला आहे. निघायला थोडा वेळ आहे म्हणतो.

मनोरा तुमच्याकडे सामन्याला तीस गुण करतो, हे मी ऐकलं. आनंद झाला. (झाला, पण ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी.) तो तक्रार विभागातला असून खुणा इतक्या लवकर कशा शिकला, याचंही उत्तर मला मिळालं. तो इतका उंच आहे की खोक्यात त्याचे हात मावत नव्हते. सहा वर्षं तो स्वतःच्या हातांवर बसून बोलला. सगळ्या विभागात गप्प हात असलेला एकुलता एक माणूस, आणि तुम्ही तोच निवडलात! इथे मात्र माझ्या मनात एक विचार आला, तो लपवणं बरं दिसणार नाही. दोन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणाच्या मध्येच कपाळ पुसलं आणि मी मंचावर मागे मागे जात पडद्यासकट खाली गेलो, तेव्हा सर्वांत जास्त कोण हसलं होतं? तुम्ही. म्हणजे मी कुणाचेही हात वाचतो हे तुम्हाला दोन वर्षांपासून माहीत. त्यांचे हात कसे बडबडतात हे दर सामन्यात समोर दिसत होतं. मी हंगामभर त्यांचे सामने घालवावेत म्हणून तुम्ही मला तिकडे दिलंत, असा आरोप मी करत नाही. डायरीतसुद्धा तो फक्त पेन्सिलीनं लिहिला आहे.

असो. पत्र कसलीही विनंती करण्यासाठी लिहिलेलं नाही, केवळ ख्यालीखुशाली कळावी म्हणून. बाकावर बसून शेवटचा हंगाम संपवणारे पुष्कळ होऊन गेले असतील. बाक तसा बरा आहे, एक फळी जरा हलते. दादाला नमस्कार सांगू नका, तो विचारेल कुठे भेटला होता म्हणून.

तुमचा धाकटा दीर
(वरच्या मजल्यावरचा)

ता. क. सोबत अदलाबदल रद्द करण्याचा कागद जोडला आहे. गैरसमज नको. तो माझ्या डायरीत होता आणि डायरीत ठेवल्यानं त्याला घडी पडत होती. तुमच्या सहीची जागा मी पेन्सिलीनं बारीक फुली मारून दाखवली आहे, तीही निव्वळ सवयीनं. मुदत शनिवारी दुपारी बारा.

ता. क. २. एक गोष्ट आपल्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे. गेले दोन आठवडे मी आमच्या संघाला छापखान्याच्या खुणा शिकवत आहे. आता सर्वांना तेवीसच्या तेवीस खुणा तोंडपाठ आहेत. तेव्हा रविवारी तुमच्या हातांतली प्रत्येक गोष्ट आम्हाला आधीच कळेल. न्यायाच्या दृष्टीनं आपण सर्व खुणा तातडीनं बदलून घ्याव्यात, असं सुचवतो. आपल्या तक्रारीबद्दल धन्यवाद.

ता. क. ३. वहिनी, वरचा ता. क. लाईनवरनं सांगितला आणि मी लिहून घेतला (शेवटच्या वाक्यावरून तुम्ही ओळखलं असेलच). आमचा सौदा असा: हे पत्र पाठवलं तर रविवारी मला बाकावर न बसवता पूर्ण सामना खेळवणार. तुम्ही घाबरून दोन दिवसांत तेवीस खुणा बदलाल, तुमचीच माणसं गोंधळतील, कुणी डावीकडे पळेल, कुणी उजवीकडे, आणि आम्ही जिंकू, असा बेत आहे. दुसऱ्यानं सांगितलेलं नुसतं उतरवून घेतलं तर ते आपलं खोटं होत नाही, असं वाक्य डायरीत लिहून पाहिलं. वाचून माझीच मला लाज वाटली. खरी गोष्ट अशी की त्यांना एकही खूण येत नाही. पहिल्या धड्याला मी त्यांना सांगितलं, नुसते एक मिनिट हात स्थिर ठेवा. बाराव्या सेकंदाला पाचही जण काहीतरी खाजवत होते. ता. क. २ लिहीन असा मी शब्द दिला होता, तो पाळला. त्याच्या खाली काही लिहिणार नाही असा शब्द दिलेला नव्हता.

ता. क. ४. ता. क. ३ लाईनवरला न दाखवता पाठवणं ही त्याच्याशी लबाडी झाली असती, म्हणून दाखवला. वाटलं, संपलं, आता बाक. त्यानं दोनदा वाचला, कानावरचं नसलेलं यंत्र सारखं केलं (माझी मान आपोआप डावीकडे वळली) आणि म्हणाला, "खोडू नका. असाच जाऊ द्या. आता तुमच्या वहिनींना खुणा बदलाव्यात की ठेवाव्यात हेच ठरवता येणार नाही. मीच ठरवू शकत नाहीये, आणि बेत माझा आहे." मग खिशातून वही काढली, चारशे अठराच्या पुढे 'समाधान झालं' असं लिहिलं आणि खाली सही केली. आजींच्या घंटेनंतर सुटलेली ही पहिलीच तक्रार. म्हणजे रविवारी मी खेळतो आहे. आता सत्य काय ते तुम्हाला मी सांगून चुकलो आहे, पण मी सांगितलं म्हणून ते तुम्हाला पटेलच असं मला वाटत नाही, आणि पटावं की पटू नये यातलं नेमकं काय मला हवं आहे, हेही मला सांगता येत नाही. सोबतचा कागद परत काढून घेतला आहे. फुली खोडली.

ता. क. ५. खरं काम राहिलंच. रविवारी मी तुमच्याविरुद्ध खेळणार, तेही शेवटचं. तुमच्या लोकांचे हात मी सहन करीन, आमच्या लोकांचेही करीन. फक्त दादाला दोन्ही हात खिशात घालून बसवा. आणि माशी आली, तर तुम्ही मारा.